केळीचे मुनवे

पोर्टलीश, १४ जून २०२०

ताई,

मायन्यात आधी 'प्रिय' लिहिलं आणि मग खोडलं. राग अजून गेलेला नाही, तेव्हा उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. आई गेली तेव्हा तुला कळायलाच कितीतरी दिवस लागले. शेवटी तुझा फोन आला आणि मी म्हणालो, "आता येऊ नकोस." तू खरोखरच आली नाहीस. त्याला तीन वर्षं होत आली. आज लिहितोय तेही काम पडलं म्हणून. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, माझं उलटं झालंय. गरज पडली आणि वैद्य आठवला.

तुझ्या संस्थेच्या नदीकाठच्या ऑफिसला ईमेल केला होता. रोसा नावाच्या बाईंचं उत्तर आलं. तू वर चौकीवर आहेस, साथीमुळे चौकीवरच्या माणसांची बदली थांबली आहे, आणि माझं पत्र त्या छापून पुढच्या होडीनं पाठवतील. पुढची होडी कधी, ते त्यांनी लिहिलं नाही. मराठीत लिहितोय, म्हणजे मधे कुणी उघडलं तरी काळजी नाही.

माझं काम काय आहे ते तुला माहीत नसेल. डब्लिनच्या एका कंपनीत आहे. आम्ही उपग्रहानं काढलेल्या फोटोंवर खुणा करतो: इथे पाणी, इथे रस्ता, इथे छप्पर. त्या बघून यंत्र शिकतं आणि उरलेल्या नकाशावर आपली आपण खुणा करतं. मी आमच्या टीमचा प्रमुख. मार्चपासून घरूनच, वरच्या अडगळीच्या खोलीतून. यंदा पेरू देशातल्या जंगलाचं काम आलं, तेव्हा तुझ्या इवारी नदीचा तुकडा मी मागून घेतला. का, ते विचारू नकोस.

तर तुझ्या चौकीच्या बऱ्याच वर, जिथे कुणी राहत असल्याची नोंद नाही, तिथे केळी आहेत. पुण्याच्या पियूषनं 'पाम' अशी खूण केली होती. वरून बघितलं की केळीची पानं चांदणीसारखी पसरलेली दिसतात. एका अंगाला नवी लागवड, दुसऱ्या अंगाला जुन्या खोडांपासून फुटलेली पिलबाग. रावेरच्या माणसाला हे कळणार नाही तर कुणाला? मामा म्हणाला असता, "अरे, केयीचा बाग हाये हा." बागेशेजारी एक लांबट छप्पर आहे, पानांनी शाकारलेलं.

म्हणजे ही तीच माणसं, ज्यांना बाहेरचं जग नको आहे आणि ज्यांच्यासाठी तू होड्या परत पाठवत बसतेस. तूही त्यांना कधी पाहिलेलं नाहीस. आई शेजाऱ्यांना हे कौतुकानं सांगायची आणि मला संताप यायचा. न पाहिलेल्यांची राखण, आणि जन्म दिलेलीकडे पाठ. असो.

आमचे नकाशे खुले असतात. छप्पर अशी खूण राहिली की ठिकाण कुणालाही दिसणार. लाकूडवाले येतील, सोनं धुणारे येतील, देव शिकवणारे येतील. आणि यंदा तर खोकला आहे. ज्यांनी सर्दी पाहिली नाही त्यांचं गाव एका शिंकेत जातं, हे तूच सांगितलं होतंस. म्हणून मी 'छप्पर' पुसलं आणि 'कोसळलेली झाडं' लिहिलं. कुणाला बोललो नाही.

बरोबर केलं ना? हो किंवा नाही, एवढंच कळव.

ज्ञानेश

पोर्टलीश, ९ ऑगस्ट २०२०

ताई,

तुझं उत्तर नाही. रोसाबाई म्हणतात पत्र होडीत चढलं. होडी पोचली का, हे त्यांना माहीत नाही. तुमच्याकडे हे असंच चालतं हे मला अनुभवानं माहीत आहे, पण अनुभव असला म्हणून जीव थांबतो असं नाही.

आम्हालाही परवा कुलूप लागलं. सगळ्या आयर्लंडमध्ये फक्त तीन काउंट्यांना, म्हणजे जिल्ह्यांना, त्यात आमची. मोटरवेवर गार्डा, म्हणजे इथले पोलीस, उभे आहेत, कुठून आलात आणि कुठे निघालात ते विचारतात. सुमेधा हॉस्पिटलात नर्स आहे म्हणून तिला सोडतात. ती घरी येते ती मागच्या दारानं, कपडे बदलूनच सानिकाला भेटते. सानिका पायऱ्यांवर बसून वाट बघते आणि मला विचारते, "इज मम्मी सेफ टु हग नाऊ?" मराठी सगळं कळतं तिला, उत्तरं मात्र अशी. मी "हो" म्हणतो. मला तरी काय माहीत.

त्या जागेचा नवा फोटो आला. बाग वाढली आहे. मला बरं वाटलं, आणि मग आपल्याला का बरं वाटावं असंही वाटलं. रावेर सोडून आपण जळगावच्या क्वार्टरमध्ये गेलो तेव्हा आईनं मामाच्या बागेतले मुनवे खणून घेतले होते, आठवतं? केळीच्या बुडाशी फुटलेले कोंब, ओल्या गोणपाटात बांधलेले. एसटीत तुझ्या मांडीवर होते. फ्रॉकला चिखल लागला म्हणून तू सबंध रस्ता रडलीस आणि आई म्हणाली, "रड, पण पाडू नको." क्वार्टरमागे ते लागले आणि त्यांची पुढची पिल्लं अजून तिथे असतील.

एक गोष्ट मला या महिन्यात कळली, ती आधी कळायला हवी होती. हे काम ज्यांनी दिलं ती लाकडाची कंपनी आहे. त्यांना इवारीच्या खोऱ्यातून रस्ता न्यायचा आहे. फेब्रुवारीत सुनावणी आहे. खोऱ्यात बाहेरच्यांशी संबंध न ठेवणारी माणसं आहेत असा पुरावा असला तर रस्त्याला परवानगी नाही. नसला तर आहे. आमचा अहवाल तिथे जाणार.

माझ्या एका छपरानं फार फरक पडू नये. याच खोऱ्यात आमच्या टीमच्या मुलांना आणखी दोन छपरं दिसली आहेत, लांब, दक्षिणेकडे, आणि ती मी तशीच ठेवली आहेत. त्यांच्यावर सुनावणी थांबेल असा माझा हिशेब आहे. बरोबर आहे ना?

ज्ञानेश

पोर्टलीश, २२ नोव्हेंबर २०२०

ताई,

माझा हिशेब चुकला. सरळ सांगतो.

मी टीमचा प्रमुख, म्हणून माझ्या खुणा नमुन्याच्या धरल्या जातात. दुसऱ्या कुणाची खूण माझ्याशी जुळली नाही तर ती चूक समजून सुधारली जाते. हा नियम मीच घातला होता, शिस्त लागावी म्हणून. मी त्या लांबट छपराला 'कोसळलेली झाडं' म्हटलं. मग तशीच दिसणारी दक्षिणेची दोन, ज्यांना टीमच्या मुलांनी छपरं म्हटलं होतं, तीही नियमानं सुधारली गेली. कोसळलेली झाडं. त्यावरून यंत्र शिकलं. सगळ्या खोऱ्यात पानांनी शाकारलेलं एकही घर आता त्याला दिसत नाही. मी एक घर लपवायला गेलो आणि सगळी वस्ती पुसून बसलो.

अहवाल गेला आहे. मानवी वस्ती: नाही. खाली माझं नाव.

तू म्हणशील दुरुस्त कर. दुरुस्तीचं पत्रक काढायचं तर कुठे काय चुकलं ते ठिकाणासकट द्यावं लागतं, आणि ते जातं ज्यांनी पैसे दिले त्यांच्याकडे. म्हणजे लाकूडवाल्यांच्या हातात मीच तिन्ही घरांचा पत्ता ठेवायचा. गप्प बसलो तर रस्ता येतो. बोललो तर त्यांना माणसं सापडतात. ताई, मला यातून वाट दिसत नाही. तू आयुष्यभर हेच केलंस, तुला दिसत असेल.

सुमेधाला मी सांगितलेलं नाही. तिच्या वॉर्डात जे चाललंय ते ती मला सांगत नाही, मी हे तिला सांगत नाही, आणि संध्याकाळी आम्ही दोघं सानिकाला "ऑल ग्रँड", सगळं छान, म्हणतो.

आईच्या वेळी कुणाचं ऐकायला तू फोनवर नव्हतीस, तसं आत्ता करू नकोस. उत्तर दे. शिव्या दे हव्या तर.

ज्ञानेश

पोर्टलीश, १३ डिसेंबर २०२०

ताई,

रोसाबाईंना मी आता रोज लिहितो आणि त्या रोज तेच उत्तर देतात: नदीला पाणी कमी आहे, होडी वर जात नाही. काल त्यांनी स्वतःहून आणखी एक ओळ लिहिली. चौकीच्या अलीकडच्या गावापर्यंत साथ आली आहे आणि तुम्ही चौकीवरची माणसं तिघंच उरलात. तिघं म्हणजे कोण कोण, असं मी विचारलं. त्यावर उत्तर नाही.

इथे नाताळासाठी सगळं उघडलंय. दुकानं भरलीत, लोक एकमेकांकडे जेवायला चाललेत. सुमेधा खिडकीतून बघते आणि म्हणते, "जानेवारीत हे सगळे माझ्याकडे येतील." मला डोळ्यांपुढे एकच गोष्ट येते, की कुणीतरी शिंकत तुझ्या नदीतून वर चाललंय आणि चौकीवर अडवायला कुणी नाही.

तू बरी आहेस ना? रस्त्याचं नंतर सांग. आधी हे सांग.

ज्ञानेश

पोर्टलीश, १७ जानेवारी २०२१

ताई,

तुझं पत्र आलं. रोसाबाईंनी तुझ्या हातच्या कागदाचा फोटो पाठवला. अक्षर अगदी आईसारखं झालंय तुझं. मी ते सुमेधाला दाखवलं आणि मग बाकीचंही सगळं सांगावं लागलं. तिनं पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "तू हे सात महिने एकटा घेऊन बसलास? आणि मला वाटलं तुला माझी काळजी लागलीय." तीही होतीच, म्हटलं.

तू लिहिलंस, "खूण पुसून माणूस लपत नाही, फक्त त्याचा हक्क पुसला जातो." ही चपराक बसली मला. तापात पडून होतीस हे मात्र तू शेवटी, दोन शब्दांत लिहिलंस. पाणी आणून द्यायला दोन मुलं आहेत, ती बरी काळजी घेतात, म्हणे. ताई, असं लिहायची पद्धत नाही. ते वर लिहायचं असतं.

तुमच्या कामाची रीत वाचून मी खुर्चीतच बसून राहिलो. ठिकाण कधी सांगायचं नाही, सीमा सांगायची. सीमा इतकी मोठी आखायची की चालून संपू नये, आणि घर तिच्या मध्यभागी कधीच येऊ द्यायचं नाही, कारण शोधणारा माणूस आधी मध्यावर जातो. दुरुस्ती द्यायची नाही, अहवालच मागे घ्यायचा: सबंध खोऱ्यात वस्ती नाही असं आम्हाला म्हणता येत नाही, बस. आणि ठिकाणं फक्त सरकारच्या मोहोरबंद नोंदीत, तुमच्या संस्थेमार्फत.

मी इतकी वर्षं नकाशे केले, पण माणसाला नकाशावर जागा द्यायची आणि तरी तो सापडू द्यायचा नाही, हे कधी डोक्यात आलं नाही.

एक प्रश्न राहतो. अहवाल मागे का घेतो, हे मला डेक्लनला सांगावं लागेल. तो माझा बॉस. आणि कारण एकच आहे, की मी मुद्दाम खोटी खूण केली. भीती वाटते आहे. आमचा इथला व्हिसा या नोकरीवर आहे. पण करतो.

सानिका किती मोठी झाली, असं विचारलंस. दात पडलेत पुढचे. फोटो जोडतोय.

ज्ञानेश

पोर्टलीश, ७ फेब्रुवारी २०२१

ताई,

सांगितलं.

डेक्लन व्हिडिओवर होता, मागे त्याच्या स्वयंपाकघरातलं प्रेस, म्हणजे कपाट, उघडं, त्यातले चहाचे डबे दिसत होते. मी आधीपासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं.  हा माणूस एरवी चार वाक्यांत तीनदा "नो बॉदर", काही हरकत नाही, म्हणतो; आज एकदाही नाही. शेवटी म्हणाला, "तू खोटं लिहिलंस, ग्यान."

"हो."

"आणि आता खरं लिहायचंय, पण कुठे ते सांगायचं नाही."

"हो."

"जीझस. आणि लिमातला युअर मॅन? तो माझ्या डोक्यावर बसेल." युअर मॅन म्हणजे लाकडाच्या कंपनीचा तिथला माणूस. मग त्यानं कपाळ चोळलं. "तिथे माणसं आहेत याची तुला खात्री आहे? झाडंही असू शकतात."

मी फोटो मोठा केला आणि त्याला केळीची बाग दाखवली. नवी लागवड कुठली, पिलबाग कुठली, कुठे घड उतरवून खोड तोडलंय. त्याला यातलं काही कळलं असेल असं वाटत नाही. पण तो म्हणाला, "माझे वडील बटाट्याच्या शेताबद्दल असंच बोलायचे," आणि अहवाल मागे घेण्याच्या पत्रावर सही केली.

सीमा मी आखली. तू सांगितलीस तशी, अवाढव्य, आणि तिन्ही घरं तीन कोपऱ्यांकडे. मधोमध नुसती दलदल आहे. जाऊ दे त्यांना तिथे.

सुनावणी मेपर्यंत पुढे ढकलली. मला जंगलाच्या कामावरून काढलं, नोकरीवरून नाही. आता सुपरमार्केटच्या पार्किंगवर खुणा करतो. व्हिसा आहे. सुमेधाला लशीचा दुसरा डोस मिळाला, तिनं सानिकाला धरलं ते सोडेचना.

ज्ञानेश

पोर्टलीश, ३० मे २०२१

ताई,

सुनावणीचा निकाल रोसाबाईंनी तुला कळवला असेल. तरी माझ्याकडून ऐक, कारण त्यात एक दिवस असा गेला की मी तुझ्यावर पुन्हा चिडायच्या बेतात होतो.

सुनावणीच्या आदल्या आठवड्यात डेक्लनचा फोन आला. "ये, बघ," एवढंच बोलला. लाकूडवाल्यांनी ताजे फोटो विकत घेतले होते. सीमेतले कोपरे धुंडाळत उत्तरेचं ते पहिलं घर त्यांनी शोधलं होतं, दक्षिणेची दोन त्यांना सापडली नव्हती. घर जळालेलं. छपराच्या जागी लांबट काळा डाग. कंपनीचं म्हणणं असं की कुणी असलंच तर ते आता उरलेलं नाही, रस्ता अडवायचं कारण संपलं. डेक्लननं विचारलं, "संपलं का, ग्यान?"

 वाटलं, साथ पोचली. कुणीतरी शिंकलं आणि तुझी चौकी कमी पडली, आणि ज्यांच्यासाठी तू आईला शेवटची भेटली नाहीस तेही गेले. मग एवढं सगळं कशासाठी, असं मला तुला विचारायचं होतं. खरंच विचारणार होतो.

मग माझी नजर बागेवर गेली. बाग उभी होती, कुणी जाळली नव्हती. फोटो मोठा केला. प्रत्येक खोडाच्या बुडाशी तपकिरी ठिपका. आधी वाटलं सावली, पण सावली एका बाजूला पडते, हे ठिपके चहूकडून होते. खड्डे होते ते, ताई. ओळीनं, नीट, मूळ खोडाला धक्का न लावता खणलेले. मुनवे काढून नेले होते.

मी डेक्लनला म्हटलं, मरणारा माणूस मुनवे खणत नाही. ज्याला पुढे कुठेतरी लावायचेत तोच नेतो. घर त्यांनी स्वतःच जाळलं असेल, मागे काही राहू नये म्हणून. ते गेलेत, चालत, ओझं घेऊन. जिवंत आहेत. डेक्लननं हे माझ्याकडून लिहून घेतलं, मामाच्या बागेसकट, आणि सुनावणीला पाठवलं. तुमच्या संस्थेनं त्यावर आपली नोंद जोडली. सीमा टिकली. रस्ता नाही, निदान पुढची काही वर्षं.

मग लाकूडवाल्यांची लिमाहून विचारणा झाली: नवी बाग कुठे आहे, तेवढं शोधून द्या. मला सापडेल. दोन पावसाळे जाऊ देत, एवढ्या जंगलात केळीची चांदणी मला एका दुपारात दिसेल, आणि मी अजून तेवढा चांगला आहे. मी नाही म्हटलं. डेक्लनलाही सांगितलं की तो तुकडा मला कधी देऊ नकोस, माझा स्वतःवर भरवसा नाही. तो म्हणाला, "फेअर इनफ," आणि माझ्यासमोरच यादीतून काढून टाकला.

आता तुझ्या पत्राचं. बदलीला अजून माणूस मिळत नाही, पण विमानं सुरू झालीत, येऊ का, असं तू विचारलंस. सानिकानं वाचायला लावलं मला दोनदा. तिनं तुझ्यासाठी आपल्या खोलीतली खालची गादी रिकामी केली आहे. सुमेधानं भाकरीचं पीठ कुठे मिळतं ते शोधून ठेवलंय. आणि मला काय वाटलं ते लिहीत नाही, कारण लिहिलं तर पुढचं लिहिता येणार नाही.

तू निघालीस तर चौकी बंद होते. हे तू लिहिलं नाहीस, रोसाबाईंनी लिहिलं. आणि लाकूडवाल्यांच्या होड्या आता ती नवी बाग शोधत नदीभर फिरणार. त्या माणसांना नव्या जागी मुनवे रुजवायला वर्षभर तरी लागेल. तोवर कुणी वर जाता कामा नये.

म्हणून आईच्या वेळी जे बोललो तेच परत सांगतो. तेव्हा रागानं म्हणालो होतो, आज तुला माझी शपथ घालून म्हणतोय.

येऊ नकोस, ताई. तिथेच थांब.

तुझा,
ज्ञानेश